वाचणारा एक, सांगणारा एक

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं आहे त्यांचं नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं नाही. घरच्यांची तशी अट आहे आणि ती मीही पाळणार आहे. ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात 'ड' वर्गाच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही भाऊच म्हणायचो. मी ग्रंथालय निरीक्षक. निरीक्षकाचं काम म्हणजे वर्षातून एकदा जायचं, दाखल नोंदवही उघडायची, देवघेव नोंदवही उघडायची, पावत्या जुळवायच्या, कपाटातली पुस्तकं मोजायची, शेरा लिहायचा आणि परतीची एसटी पकडायची. पुस्तकांचं वजन तेवढं कधी केलं नाही, बाकी सगळं मोजलं.

एका श्रावणात भाऊंच्या दप्तरावर मी शेरा लिहिला : 'देवघेव अत्यल्प. वाचकसंख्या वाढवण्यासाठी प्रयत्न व्हावेत.' भाऊंनी मुकाट्यानं सही केली. नेमका त्या दिवशी नाल्याला पूर आला, एसटी आलीच नाही, मुक्काम पडला. रात्री जेवून पाय मोकळे करायला निघालो तर वाचनालयाच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली, वर चाळीसचा बल्ब आणि खाली तीसेक माणसं. निम्म्याहून जास्त बाया. भाऊ उद्धव शेळक्यांची 'धग' वाचत होते. पान-दीड पान वाचायचे आणि थांबायचे. मग शेजारी बसलेला गावचा शिंपी बोलायचा. त्याची मशीन दिवसभर त्याच ओट्यावर चाले. तो अर्थ सांगत नव्हता, कारण 'धग'मधली माणसं आपल्यासारखीच वऱ्हाडी बोलतात, त्यात समजावण्यासारखं काही नाही. तो वाचलेलं गावाला लावून दाखवत होता. असं आपल्याकडे कधी झालं, कोणाच्या घरी झालं, तेव्हा कोण काय बोललं. त्यावर दोघी-तिघी त्याला खोडून काढत. गलका वाढला की मागून एक म्हातारी म्हणे, "काहून थांबले जी भाऊ? वाचा ना समोर."

ती प्रत नोंदवहीत भाऊंच्याच नावावर होती. ऐकणारी माणसं तीस आणि देवघेव एक. माझ्या प्रपत्रात ऐकणाऱ्यांचा रकाना नव्हता. सकाळी उठून तो शेरा खोडावा इतकी बुद्धी मला झाली नाही. शाई वाळली होती, असं मी स्वतःला सांगितलं आणि पहिल्या गाडीनं निघालो. आज बोलायला उभा आहे तो त्या शेऱ्याची भरपाई म्हणून.

संयोजकांनी विषय दिला आहे तो 'अवघ्या जिल्ह्याचं एक वाचन'. म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयानं पुढाकार घ्यायचा, एक पुस्तक ठरवायचं आणि सगळ्या गावांनी एकाच हंगामात ते वाचायचं, त्यावर बोलायचं. ही कल्पना आजच्या रूपात अमेरिकेतल्या सिॲटल शहरातून निघाली. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. सगळ्या सिॲटलनं एकच पुस्तक वाचलं तर काय होईल, असं त्यांनी 1998 साली विचारलं आणि करून पाहिलं. त्यासाठी निवडली रसेल बँक्स यांची एक कादंबरी. लहानशा गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं जातात आणि उरलेलं गाव त्या दुःखाचं काय करतं, अशी तिची कथा. 2001 मध्ये शिकागोनं हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' वाचली, आणि मग ही टूम गावोगाव गेली. न्यूयॉर्कनं 2002 मध्ये प्रयत्न केला तेव्हा कोणतं पुस्तक घ्यायचं यावरूनच निवड समितीत फूट पडली. ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं होतं. समित्या सगळीकडे सारख्याच.

आता 'हे आमच्याकडे आधीच होतं' असं म्हणायची आपल्याला खोड आहे. विमानापासून अणूपर्यंत सगळं आपल्याकडे आधीच असतं. मी ते वाक्य सहसा तोंडावर येऊ देत नाही. पण या एका बाबतीत ते म्हणावं लागतं, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

श्रावण लागला की देवळात किंवा एखाद्या जाणत्याच्या पडवीत पोथी लागायची. चौरंग, त्यावर तांबडं कापड, समई, आणि पोथी बहुधा श्रीधरांची : 'हरिविजय', 'रामविजय' किंवा 'पांडवप्रताप'. 1702 ते 1712 या दहा वर्षांत श्रीधरांनी हे तीन ग्रंथ पुरे केले आणि त्यानंतर अडीचशे वर्षं महाराष्ट्रातली खेडी दर पावसाळ्यात तेच ऐकत राहिली. कुठे महिपतींचा 'भक्तिविजय' असे. सगळं गाव रोज एकाच ग्रंथाच्या एकाच अध्यायावर असायचं. सकाळी निंदणाला निघालेल्या बाया काल रात्री कुठे थांबलो ते एकमेकींना सांगत. ज्याचा अध्याय चुकला त्याला बांधावर गोषवारा मिळे. शेवटी समाप्ती, मिरवणूक, महाप्रसाद. सिॲटलच्या बाईंना हेच हवं होतं. त्यांच्याजवळ समई नव्हती एवढंच.

या पोथीची एक व्यवस्था आज मला पुन्हा पाहावीशी वाटते. पोथीवर दोन माणसं बसत. एक वाचणारा, एक सांगणारा. वाचणाऱ्याचा आवाज खणखणीत लागे आणि ओवी तुटून चालत नसे. सांगणाऱ्याला आवाजापेक्षा गाव माहीत असावं लागे. ओवीतली यशोदा तो आपल्या आळीत आणून बसवी. कंसाचा कारभार सांगताना त्याची नजर सावकाराच्या घराकडे जाई आणि लोक ओळखून हसत. वाचणारा बदलला तरी चाले, सांगणारा बदलला की माणसं कमी होत. भाऊंच्या ओट्यावरचा शिंपी हा त्याच जातकुळीचा. आपली वाचनालयं उभी राहिली तेव्हा त्यांनी पोथीतला ग्रंथ घेतला, वाचणारा घेतला, पण सांगणाऱ्याला काही जागा ठेवली नाही. वर 'शांतता राखा' अशी पाटी लावली. माझी सगळी तक्रार या पाटीबद्दल आहे.

पण त्या पडवीचं गुणगान इथेच थांबवतो, कारण तिथे सगळ्यांना बसायला मिळत नव्हतं. कोणी पायरीवर, कोणी पायरीच्या खाली, कोणी रस्त्यापलीकडे, आणि कोणाच्या कानावर पोथी पडणंही गावाला खपत नव्हतं. अवघ्या गावाचं वाचन म्हणताना ते अवघं गाव नव्हतं, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे.

ज्यांना त्या पायरीवरून उठवलं, त्यांनी पुढे काय केलं ते पाहा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली. त्याच वर्षी 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ 1957 मध्ये, ते नसताना, प्रसिद्ध झाला. मराठीत आल्यावर तो विहारांत गेला. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने, संध्याकाळी वस्ती जमते आणि ग्रंथाचं वाचन होतं. वाचायला कधी बारावीतली मुलगी, कधी निवृत्त शिक्षक, कधी नुकतीच अक्षरं जुळवू लागलेली बाई. तिची ओळ अडखळली तर कोणी हसत नाही. शेवटच्या दिवशी खीरदान. यवतमाळ जिल्ह्यात आज सर्वांत मोठं सामुदायिक वाचन कोणतं, असं मला विचाराल तर मी या वाचनाकडे बोट दाखवीन. ते शासनानं सुरू केलेलं नाही, अनुदानावर चालत नाही, त्याचा अहवाल कोणाला जात नाही. इतकी वर्षं दप्तरं तपासली, माझ्या एकाही तक्त्यात ते आलं नाही.

तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'चंही तसंच. मोझरीच्या गुरुकुंजापासून आपल्याकडे गावोगाव सामुदायिक प्रार्थनेला ती वाचली जाते. त्यावर मी जास्त बोलत नाही, तुमच्यापैकी अनेकजण माझ्याहून जास्त जाणता.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे : पंचांग. श्रावणातली पोथी आणि वर्षावासातलं वाचन, दोन्ही पावसाळ्यात येतात. पेरणी उरकलेली असते, डवरणी-निंदण चालू असलं तरी पावसाची झड लागली की माणूस घरात अडकतो, आणि रात्र मोठी वाटते. आता आपला शासकीय कार्यक्रम पाहा. डॉ. कलामांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, हा 2015 पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. हेतू उत्तम आहे, कलामांबद्दल कोणाचं दुमत नाही. पण 15 ऑक्टोबरला या जिल्ह्यात काय चालू असतं? सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. पाठोपाठ कपाशीचा पहिला वेचा, सीतादही. त्या आठवड्यात आर्णीच्या की राळेगावच्या शेतकऱ्याला पुस्तक वाच म्हणणं म्हणजे लग्नघरच्या आचाऱ्याला गाणं म्हण म्हणण्यासारखं आहे. शाळेत तो दिवस साजरा होतो, फोटो निघतात, आणि मुलांचे आईबाप त्या वेळी शिवारात असतात. 2025 च्या जानेवारीत 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडा झाला. त्यात सामूहिक वाचनाची कल्पना होती, ती मला आवडली. पण जानेवारीत कापूस घरातून बाजारात जात असतो. जिल्ह्यानं एकत्र वाचायचं असेल तर आषाढी पौर्णिमेला सुरुवात करावी. ही तारीख मी शोधलेली नाही, लोकांनीच ती ठरवून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट कानाची. ऐकणं म्हणजे वाचता न येणाऱ्याची सोय, असा आपला एक शहरी समज आहे. मराठी गद्य जन्मलं कसं ते आठवा. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून, विचारून, ताडून त्यांनी लिहिलं, आणि 'लीळाचरित्र' झालं. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ ऐकून झालेला आहे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि शतकानुशतकं ते पंथाबाहेर कोणाला वाचता आले नाहीत. त्या ग्रंथांची ओळख मराठी वाचकाला करून देणाऱ्यांत आपल्या यवतमाळचे य. खु. देशपांडे होते. त्यांचं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' 1925 सालचं. कडीकुलपातल्या पुस्तकाचं कुलूप काढण्याची या गावाला अशी जुनी सवय आहे. आजचं कुलूप वेगळं आहे, ते लोखंडी कपाटाचं आहे आणि किल्ली ग्रंथपालाच्या घरी असते.

कानाचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात आणखी एका कारणानं महत्त्वाचा. 2011 च्या जनगणनेत आपण जवळपास 27 लाख 72 हजार होतो, सोळा तालुक्यांत विखुरलेले. 'अवघा जिल्हा' म्हटलं की यवतमाळ, पुसद, वणी डोळ्यांसमोर येतात. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवड्याकडचे कोलामांचे पोड येत नाहीत. पोडावर घरात बोलतात ती कोलामी, आणि ती द्राविड कुळातली भाषा आहे, मराठीची बोली नाही. तिथल्या पोराला शाळेतलं मराठी पुस्तक म्हणजे परभाषाच. पुसद, दिग्रस, महागावकडच्या तांड्यांवर घरात गोरमाटी चालते. आणखी कुठे गोंडी. तिथे आपण पुस्तकांची पेटी नेऊन ठेवली आणि 'वाचा' म्हणून परत आलो, तर ती पेटी वर्षभरानं तशीच मिळेल, नव्या कोऱ्या वासासकट. तिथे सांगणारा हवा. मराठीत पान वाचायचं आणि कोलामीत, गोरमाटीत सांगायचं. सांगताना त्यातलं काही गळेल, काही नवं येईल. येऊ द्या. पोथी सांगणाऱ्यांनी श्रीधरांचं तेच केलं आणि श्रीधरांचं काही बिघडलं नाही.

यावर पदाधिकारी म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पैसे कुठून आणायचे? थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा. काही राज्यांत ग्रंथालयासाठी वेगळा कर आहे, आपल्या कायद्यात तो नाही. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं ही गावातल्या संस्था आहेत, शासन मान्यता आणि अनुदान देतं, कारभार संस्थेचा. 2012 मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यात कागदावरची वाचनालयं उघडी पडली. मला नवल वाटलं नाही. एकाच शाईनं, एकाच दिवशी, चाळीस वाचकांनी चाळीस पुस्तकं परत केलेल्या नोंदी मी पाहिल्या आहेत. पण त्या झाडाझडतीत भाऊंसारख्यांचीही मान खाली गेली. पुढे 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान 30 हजारांचं 48 हजार झालं. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात जागा, वीज, वर्तमानपत्रं, पुस्तकं आणि ग्रंथपालाचा पगार. पगार हा शब्द इथे सवयीनं वापरला.

म्हणून मी पैशांऐवजी प्रतींचा हिशेब करतो. एका गावाला एका पुस्तकाच्या तीन प्रती पुरतात. एक वाचणाऱ्याला, एक सांगणाऱ्याला, त्यानं आदल्या दिवशी घरी चाळून यावं म्हणून, आणि तिसरी गावात फिरायला. ज्याला राहवत नाही तो ती नेईल आणि पुढचं आधीच वाचून येईल. असा एकजण प्रत्येक गावात निघतो, आणि दुसऱ्या दिवशी पुढची गोष्ट फोडतो म्हणून शिव्या खातो. तोच उद्याचा वाचक. तीन प्रतींना अनुदान लागत नाही. एखाद्या घरच्या तेरवीच्या खर्चातून एक पंगत कमी केली तरी भागतं.

पेटीची कल्पनाही आपल्याला परकी नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. गावानं वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम पंचायतीनं आणि तेवढीच दरबारानं घालायची, असा रोखठोक हिशेब. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमानं पुस्तकांच्या पेट्या देशातल्या आणि देशाबाहेरच्या मराठी माणसांपर्यंत पोचवल्या, तुरुंगांतसुद्धा. 2017 मध्ये साताऱ्याकडचं भिलार हे पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं मांडली गेली. या सगळ्यांना माझा नमस्कार. पण पेटीत शंभर वेगवेगळी पुस्तकं असली की शंभर माणसं शंभर दिशांना जातात. तो आनंद निराळा आणि तोही हवा. आज आपण बोलतो आहोत ते सगळ्यांनी एका पानावर येण्याबद्दल.

एका पानावर येणं या जिल्ह्याला किती जड जातं याचा अनुभव आपण घेतला आहे. इथे दोन अखिल भारतीय साहित्य संमेलनं झाली. 1973 मध्ये गदिमा अध्यक्ष होते. दुसरं 2019 च्या जानेवारीत, ब्याण्णवावं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते निमंत्रण मागे घेतलं. त्या प्रसंगाची उणीदुणी मी आज काढत नाही, माझं मत तुम्हाला माझ्या चेहऱ्यावरून कळतं. मला आठवते ती पुढची गोष्ट. न झालेलं ते भाषण मराठीत आलं, छापून आलं, मोबाइलवर फिरलं, महाराष्ट्रात ठिकठिकाणी जाहीरपणे वाचलं गेलं. एरवी ते मंडपात काही हजारांनी ऐकलं असतं आणि जेवणाच्या रांगेत विसरलं असतं. एकच मजकूर, एकाच आठवड्यात, इतक्या मराठी माणसांनी वाचल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. ते वाचन कोणी योजलं नव्हतं. भांडणानं घडवलं.

आणि उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवरा आत्महत्या करून गेलेला, मागे घर आणि लेकरं. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या, हरीश इथापेंनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या उभ्या राहिल्या होत्या. त्या दिवशी मंचावरून त्या बोलल्या तेव्हा मंडपात जी शांतता झाली, तिला कोणतीही पाटी लावावी लागली नव्हती. लिहिणाऱ्यांच्या मेळाव्यात त्या दिवशी सांगणारी बाई पुढे होती.

मग पुस्तक कोणतं? निवड समितीचं भांडण मी थोडं लवकर सुरू करून देतो. माझं मत 'धग'ला. 1960 ची कादंबरी, वऱ्हाडातलं शिंप्याचं घर, आणि परिस्थितीशी शेवटपर्यंत झगडणारी कौतिक. मी ती सुचवतो याची कारणं साधी आहेत. तिच्यातली बोली मोठ्यानं वाचली की ऐकणारा मान डोलावतो, आपल्या घरातलं कोणी बोलतं आहे असं त्याला वाटतं. प्रसंग लहान आहेत, एका बैठकीत एक मावतो. आणि ती शेतकरी आत्महत्येवर नाही. गेली वीस-पंचवीस वर्षं बाहेरच्यांनी यवतमाळचं नाव घेतलं की एकच विषय निघतो, आणि आपणही स्वतःबद्दल तेवढंच बोलायला लागलो आहोत. या विषयावर सदानंद देशमुखांची 'बारोमास' आहे, ती थोर आहे, ती दुसऱ्या वर्षी वाचू. तिसऱ्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, 'स्त्री-पुरुष तुलना', 1882. ते लहानसं पुस्तक एका श्रावणात दोनदा वाचून होईल आणि त्यावरचं भांडण दिवाळीपर्यंत पुरेल. आजच्या लेखकाचं पुस्तक घेतलं तर लेखकाची आणि प्रकाशकाची रीतसर परवानगी घ्या. लेखकाला गावात बोलावून फुकट भाषण करायला लावणं म्हणजे सन्मान, अशीही आपली एक समजूत आहे.

एक इशारा. पुस्तक पालखीत घालू नका. ग्रंथोत्सवात आपण ग्रंथदिंडी काढतो, लेझीम होते, चौकात आरतीच तेवढी राहते, आणि पालखीतला ग्रंथ उघडला जात नाही. पोथी आणि आपलं हे वाचन यांत एक फरक राहू द्या. पोथी ऐकून लोक हात जोडत. 'धग' ऐकून एखादी बाई म्हणाली पाहिजे की कौतिक चुकली. दुसरीनं विचारलं पाहिजे, तू असतीस तर काय केलं असतंस?

आणि वाचायला माणसं कुठून आणायची, असं विचारू नका. ती याच इमारतीत आहेत. सकाळी सातला अभ्यासिका उघडते तेव्हा दारात रांग असते. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा. मुलं-मुली स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, आणि त्यांच्या पाठीमागच्या कपाटांतल्या कादंबऱ्यांकडे त्यांची पाठच राहते. त्यावर नाकं मुरडणारे मी ऐकले आहेत. मी मुरडत नाही. त्यांच्या घरी एका नोकरीची वाट पाहणं चालू आहे. पण आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यापैकी एकजण आपल्याच गावच्या ओट्यावर वाचायला बसला तर त्याचा अभ्यास बुडणार नाही. झालंच तर मुलाखतीत त्याचा आवाज कापणार नाही. यवतमाळला आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथून रोज पंधरा मिनिटं तेच पान वाचलं गेलं तर ज्या वस्तीवर वाचणारा नाही तिथेही पुस्तक पोचेल. हा प्रस्ताव मी वाचनालयाकडे लेखी देतो आहे.

हे व्याख्यान संपलं की बाहेर चहा आहे. चहाच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे, जुन्या देवघेव नोंदवहीसारखीच, फक्त रकाने मी पाडले आहेत. पहिल्यात गावाचं नाव. दुसऱ्यात वाचणाऱ्याचं. तिसऱ्यात सांगणाऱ्याचं. चौथा रकाना आत्ता कोरा ठेवायचा, त्यात आषाढी पौर्णिमेनंतर रोज किती माणसं ऐकायला बसली ते लिहायचं. वाचणाऱ्याचा रकाना लवकर भरेल, आपल्याला आवाज लावायची हौस आहे. तिसरा अडेल. तुमच्या गावात कोणाचं बोलणं ऐकायला माणसं थांबतात ते आठवा. तो शिंपी असेल, अंगणवाडीतली बाई असेल, पोडावरचा म्हातारा असेल. त्याचं नाव लिहा, मग चहा घ्या.